आरव्ही की मोटेल? आधी ठरवा, तो पाइप कोण धरणार

प्रश्न: मी ६३ वर्षांची, मुलुंड पूर्वेला राहते. पुढच्या जूनमध्ये आम्ही दोघं मुलाकडे फिनिक्सला, ॲरिझोनात जातोय. मुलगा, सून आणि सहा वर्षांचा नातू. मुलाने आठ रात्रींची ट्रिप आखलीये, ग्रँड कॅन्यन, पेज गाव, ब्राइस आणि झायन ही नॅशनल पार्क, लास व्हेगास आणि परत फिनिक्स. आमचे हे बँकेतून रिटायर झाल्यापासून यूट्यूबवर आरव्हीचे, म्हणजे आत पलंग, ओटा आणि बाथरूम असलेल्या घरासारख्या गाडीचे, व्हिडिओ बघत बसतात आणि आता हट्टच धरलाय की आरव्ही भाड्याने घ्यायची, हॉटेलचे पैसे वाचतील, घरचं जेवण मिळेल, बाथरूम सोबत राहील. मुलगाही तयार आहे. मला गुडघ्यांचा त्रास आहे, ह्यांना शुगर आहे आणि रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. मला वाटतं साधं मोटेल बरं, पण मोटेलबद्दलही ऐकलंय की अस्वच्छ असतात, दरवाजा थेट पार्किंगमध्ये उघडतो, भीती वाटते. आणि मी नको म्हटलं की 'तुला कशातच हौस नाही' हे ऐकावं लागतं. काय करू?

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रात माणसं पाच आहेत आणि मतं तिघांचीच आहेत. ह्यांचं मत आहे, मुलाचं आहे, तुमचं आहे, नातवाचं आपण धरून चालू की त्याला आरव्हीच हवी असणार कारण ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या माळ्यावर झोपायला मिळतं म्हटल्यावर सहा वर्षांचं कुठलं पोर नाही म्हणेल. पण सुनेचं काय? तिला कुणी विचारलंय का? मी हे पहिल्यांदाच विचारतेय कारण आरव्ही की मोटेल हा प्रश्न वरवर पैशाचा आणि हौसेचा वाटतो पण खरा प्रश्न असा असतो की सुट्टीत काम कोण करणार, आणि आठ दिवस आरव्हीत काढायचे तर गाडी हाकायचं काम तुमच्या मुलावर पडणार आणि बाकी सगळं सुनेवर, थोडं तुमच्यावर. ह्यांच्या वाट्याला खिडकी येणार.

पैशाचं आधी उरकून टाकू कारण घरात वाद तिथूनच सुरू होतोय. फिनिक्सहून ग्रँड कॅन्यनचा साउथ रिम, म्हणजे दक्षिण कडा, साधारण २३० मैल, तिथून पेज १३५, पेजहून ब्राइस १५० च्या आसपास, ब्राइस ते झायन ८५, झायन ते व्हेगास १६०, व्हेगासहून फिनिक्स ३००, म्हणजे सगळं मिळून हजार-साडेदहाशे मैल, आपल्या हिशोबात १७०० किलोमीटर. पाच माणसांना लागते ती आरव्ही गॅलनला जेमतेम ८ ते १२ मैल देते, १० धरले तर लिटरला सव्वाचार किलोमीटर. शंभरेक गॅलन पेट्रोल झालं, म्हणजे साडेतीनशे डॉलरच्या वर. मुलाच्या घरच्या एसयूव्हीला तोच रस्ता दीडशे डॉलरात होईल. आरव्हीचं भाडं उन्हाळ्यात रोजचं २०० डॉलर धरा, आठ रात्रींचे १६००. वर बऱ्याच कंपन्या मैलाप्रमाणे वेगळे पैसे लावतात, मैलाला ४० सेंट जरी धरले तरी चारशे-सव्वाचारशे. मग अंथरूण-पांघरुणाचा सेट, भांड्यांचा सेट, जनरेटर तासाप्रमाणे, इन्शुरन्स, हे सगळं वेगळं, तीनशे तरी धराच. आणि गाडीत झोपलो म्हणजे जागा फुकट असं नाही हो, कॅम्पग्राउंडला रात्रीचे पैसे मोजावेच लागतात, वीज-पाणी-ड्रेनेजची तिन्ही जोडणी असलेल्या जागेला सरासरी ७० डॉलर धरले तर आणखी ५६०. बेरीज सव्वातीन हजाराच्या घरात.

आता मोटेल. दोन खोल्या, दीडशे डॉलरची एक, आठ रात्री, २४००. टॅक्स साधारण १२ टक्के, तो बुकिंगच्या पहिल्या पानावर दिसत नाही, शेवटच्या पानावर दिसतो. पेट्रोल दीडशे. झाले साडेअठ्ठावीसशे. दिवसातून एक जेवण बाहेर, पाच जणांचं, त्याचे सहा-सातशे वर टाका. म्हणजे साडेतीन हजार. हे माझे अंदाजाचे आकडे आहेत, तारखा बदलल्या की बदलतील, पण दोन्हीकडचा फरक बघा, आठ दिवसांत पाच माणसांना दोन-अडीचशे डॉलर, म्हणजे दोघांची एखादी रात्र. ह्यांनी आयुष्यभर लोकांची लोनं मंजूर केली असतील तर हा कागद त्यांच्यापुढे ठेवा, त्यांनाच बेरीज करू दे. पैसे वाचतात तो हिशोब ज्यांची स्वतःची आरव्ही आहे, जे तीन-तीन महिने फिरतात आणि जंगलखात्याच्या किंवा सरकारी मोकळ्या जमिनीवर फुकट मुक्काम टाकतात त्यांचा असतो, आणि यूट्यूबवर व्हिडिओ टाकणारे बहुतेक तेच. आठ रात्रींच्या भाडोत्र्याला तो हिशोब लागू नाही.

बरं, पैसे सारखेच म्हणताय तर मग हौस करू दे की त्यांची, असं कुणी म्हणेल. म्हणून आता आत शिरून बघू.

भाड्याला मिळते ती साधारण २५ ते ३० फुटांची गाडी, बेस्टची छोटी एसी बस आठवा, तेवढीच लांब. मागे एक पलंग, ड्रायव्हरच्या वर एक माळा, आणि मधलं जेवायचं टेबल खाली पाडून त्यावर गाद्या टाकल्या की तिसरा बिछाना. माळ्यावर शिडीने चढायचं, तिथे तुम्ही दोघं नाही जाणार. मागचा पलंग तुम्हाला देतील, पोरं गुणी आहेत. पण तो बऱ्याचदा कोपऱ्यात भिंतीला चिकटलेला असतो, आतल्या बाजूला जो झोपेल त्याला बाहेर यायचं तर दुसऱ्याच्या अंगावरून. ह्यांना रात्री तीनदा उठायचंय. बाहेरच्या बाजूला त्यांना झोपवलंत तरी गाडी हलते, कुणी दोन पावलं टाकली की स्प्रिंगवर सगळं घर डुलतं, पाण्याचा पंप घर्रर्र करतो, नातू उठतो, नातू उठला की सून उठते. आणि सून-मुलगा झोपलेत टेबलावर नाहीतर माळ्यावर, तुमच्यापासून सहा पावलांवर, मध्ये एक पडदा. चाकांवरचं वन रूम किचन म्हणा ना. आपल्यापैकी कित्येक जणी तशा घरात नांदल्या, पण तेव्हा इलाज नव्हता. सुट्टी काढून, पैसे मोजून, सुनेने आठ रात्री सासू-सासऱ्यांच्या उशाशी झोपायचं, हे तिला मनापासून चालणार आहे का ते तिलाच विचारा, आणि मुलासमोर नका विचारू, दोघीच असाल तेव्हा फोन करा.

ह्यांचा बाथरूमचा मुद्दा मात्र मला मान्य आहे, पूर्ण मान्य. शुगर असलेल्या माणसाला गाडीतच संडास असणं ही लहान गोष्ट नाही, त्या बाजूला कधीकधी ५०-६० मैल काही म्हणजे काही लागत नाही, नुसता लाल माळ. तिथे गाडी कडेला घेऊन मागे जाता येणं म्हणजे सुखच. पण त्या सुखाचा दुसरा भाग व्हिडिओत पटकन उरकतात. गाडीच्या पोटात दोन टाक्या असतात, एकीत संडासाचं जातं, दुसरीत बेसिन आणि आंघोळीचं. पाच माणसं वापरणार तर दोन-तीन दिवसांत भरतात. मग डंप स्टेशनवर गाडी लावायची, रबरी हातमोजे चढवायचे, कप्प्यातून तो मनगटापेक्षा जाड, घड्याघड्यांचा पाइप ओढून काढायचा, एक टोक गाडीच्या तोंडाला फिरवून घट्ट बसवायचं, दुसरं जमिनीतल्या भोकात आणि ते वर उडू नये म्हणून त्यावर दगड नाहीतर पाय. आधी संडासाच्या टाकीचा खटका ओढायचा. पाइप दचकल्यासारखा हलतो, भरतो, रिकामा होतो. मग साबणपाण्याच्या टाकीचा खटका, म्हणजे त्या पाण्याने पाइप आतून धुतला जातो. हा क्रम उलटा केला की पाइप घाण राहतो आणि तो तसाच परत कप्प्यात ठेवावा लागतो. मागे दुसरी गाडी रांगेत उभी असते. विचारा ह्यांना, हातमोजे कोण घालणार? 'मी घालीन' म्हणाले तर शाब्बास, माझा विरोध निम्मा कमी झाला. 'मुलगा बघेल की' म्हणाले तर उत्तर मिळालं.

आंघोळीचं पण ऐकून ठेवा. गरम पाण्याची टाकी बहुतेक भाड्याच्या गाड्यांत सहा गॅलनची असते, २२-२३ लिटर, म्हणजे आपली एक मोठी बादली. शॉवर सोडून उभं राहिलं की पाच मिनिटांत गार. आपण बादली-तांब्यावाले असल्यामुळे अमेरिकनांपेक्षा बरं निभावू, पण पाच जणांच्या पाच बादल्या, एकीनंतर दुसरी तापेपर्यंत थांबायचं, आणि सकाळी आठला निघायचं ठरलेलं.

जेवणाचं तर तुम्हीच सांगा मला. घरचं जेवण मिळेल असं ह्यांनी म्हटलंय, बनवेल कोण हे म्हटलेलं नाही. चालत्या गाडीत ओट्यापाशी उभं राहता येत नाही, सगळ्यांनी पट्टे लावून बसायचं, पट्ट्यांचे कायदे राज्याराज्यांत वेगळे असले तरी घाटात ब्रेक लागला की कायदा विचारायला वेळ नसतो. म्हणजे दिवसभर फिरून कॅम्पला पोचलात की वीज जोडा, पाणी जोडा, गाडी लेव्हलला आणा, कारण ती तिरकी राहिली तर तुम्ही रात्रभर पलंगावरून घसरता आणि काही फ्रिजही नीट चालत नाहीत, आणि मग दोन शेगड्यांवर वरण-भात. मोहरी तडतडली की डोक्यावरचा स्मोक अलार्म कोकलतो. फोडणीचा वास सोफ्याच्या कापडात बसतो आणि गाडी परत करताना तो निघाला नाही तर सफाईचे पैसे कापतात. मी स्वयंपाकाच्या विरोधात नाहीये, ट्रिपमध्ये दोन दिवसांनी मऊ भात मिळाला की जिवात जीव येतो हे कुणाला माहीत नाही, पण 'घरचं जेवण' हे शब्द ज्यांनी कधी पोळ्या लाटल्या नाहीत त्यांच्याच तोंडून का येतात कोण जाणे.

आणि गाडी मुलगा चालवणार. वेगळं लायसन्स लागत नाही, नेहमीच्या गाडीच्या लायसन्सवर देतात, म्हणूनच लोकांना सोपं वाटतं. उंची ११-१२ फूट, वारा आडवा आला की स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून ठेवावं लागतं, वळताना मागचा भाग बाहेर फेकला जातो. तुमच्याच रस्त्यातलं उदाहरण देते. ब्राइसहून झायनला येताना सगळ्यात सुंदर रस्ता हायवे ९ चा, त्यावर मैलापेक्षा जास्त लांबीचा बोगदा आहे, १९३० मध्ये खुला झालेला, म्हणजे त्या काळच्या गाड्यांच्या मापाचा. ११ फूट ४ इंचांपेक्षा उंच किंवा ७ फूट १० इंचांपेक्षा रुंद गाडी त्यात आपल्या लेनमध्ये मावत नाही, पूर्वी ती बोगद्याच्या मधोमध चालवावी लागायची. जून २०२६ पासून एवढ्या मोठ्या गाड्यांना तिथून जायलाच बंदी आहे, मुलाला झायन पार्कच्या साइटवर ताजे नियम बघायला सांगा, नाहीतर मोठा वळसा. एसयूव्हीला यातलं काहीच नाही.

जून महिना हीसुद्धा अडचणच आहे. फिनिक्स आणि व्हेगासला तेव्हा ४० च्या वर पारा, आरव्हीचा एसी चालवायचा तर जोडणी हवी नाहीतर जनरेटर, आणि कॅम्पमध्ये रात्री शांततेची वेळ सुरू झाली की जनरेटर बंद. व्हेगासला तर आरव्हीत राहणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, तिथे आठवड्याच्या मधल्या वारांना बऱ्यापैकी हॉटेलच्या खोल्या स्वस्तात मिळतात (रिसॉर्ट फी नावाचा छुपा खर्च धरूनही). उलट ब्राइसची कडा आठ हजार फुटांच्या वर, जूनमध्येही रात्री स्वेटर लागतो, तिथे हीटरचा घुमघुम आवाज.

एवढं बोलून आता आरव्हीच्या बाजूनेही बोलते, कारण तुमचे हे अगदीच हवेत नाहीयेत. बॅगा रोज भरायच्या-उपसायच्या नाहीत, हे गुडघेवाल्या माणसाला फार मोलाचं. औषधं, इन्सुलिन फ्रिजमध्ये, कायम हाताशी. आणि कॅम्पग्राउंडमधली पहाट, बाहेर खुर्ची टाकून चहा, ते मोटेलच्या पार्किंगमध्ये नाही मिळत, कबूल. फक्त साउथ रिमच्या बाबतीत लोक म्हणतात की पार्कच्या आत राहायचं तर कॅम्पिंगच करावं लागेल, ते खरं नाही. माझविक लॉज, यवापाई लॉज ही आतच आहेत, यवापाईच्या काही खोल्या तर अशा की गाडी थेट दारासमोर लागते. मोटेलसारख्याच, पण कॅन्यन जवळ आणि पार्कची फुकट बस फिरते. वर्षभर आधी बुकिंग उघडतं, म्हणजे तुमचं आत्ताच बघायला हवं. नॉर्थ रिमच्या भानगडीत पडू नका, तिथलं जुनं लॉज २०२५ च्या जुलैमध्ये वणव्यात जळून गेलं.

मोटेलची तुमची भीती. अस्वच्छ असतात का? काही असतात, सरळ सांगते. म्हणून फोटो बघून नाही तर गेल्या दोन-तीन महिन्यांचे रिव्ह्यू वाचून बुक करायचं, आणि खोलीत गेल्यावर बॅगा आधी बाथरूममध्ये ठेवायच्या, चादर कोपऱ्यातून उचलून गादीची शिवण बघायची, काळे ठिपके असतील तर ढेकूण, तिथल्या तिथे खोली बदलून मागायची. लाजायचं नाही. दरवाजा बाहेर उघडतो ही तुमच्यासाठी खरं तर सोय आहे, गाडीतून उतरून चार पावलांवर पलंग. फक्त जुन्या दोन मजली मोटेलना बहुतेक लिफ्ट नसते, त्यामुळे बुकिंग करतानाच 'तळमजला' लिहायचं आणि आदल्या दिवशी फोन करून परत सांगायचं. ही एवढी एक गोष्ट विसरलात तर मग मोटेलनेही गुडघे धरतील. रात्री आतून कडी आणि वरचा अडसर, खिडकीला पडदा, झालं. ज्यांना तेही नको त्यांनी आतल्या पॅसेजमधून खोलीचं दार असलेलं हॉटेल घ्यावं, हायवेला तीही ढिगाने असतात, वीसेक डॉलर जास्त.

आणि मोटेलच्या काउंटरवर तुम्हाला परकं वाटण्याची शक्यता कमीच. अमेरिकेतली निम्म्याहून जास्त हॉटेलं-मोटेलं भारतीय वंशाच्या मालकांची आहेत, त्यात गुजराती पटेल मंडळी सगळ्यात जास्त, १९८९ पासून त्यांची मोठी संघटना आहे. बऱ्याच ठिकाणी कुटुंब तिथेच मागच्या खोल्यांत राहतं. तुम्ही मुलुंडच्या, गुजराती तुम्हाला येत असणारच, 'केम छो' म्हटलंत तर तळमजल्याची खोली मिळण्याचे चान्सेस वाढतात असं माझं प्रामाणिक मत आहे.

खोलीत दोन क्वीन साइज पलंग, छोटा फ्रिज, मायक्रोवेव्ह, कॉफीचं मशीन एवढं सहसा असतं. सकाळचा नाश्ता बऱ्याच चेनमध्ये फुकट, ब्रेड, उकडलेली अंडी, दूध-सिरियल आणि ते वॉफलचं मशीन, नातू तिथून हलणार नाही. वरण-भातासाठी इथून किटली किंवा कुकर नेऊ नका, तिकडे वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची उपकरणं नुसती कोमट होतात. मुलाकडे छोटा राइस कुकर असेल तो घ्या, पण खोलीत स्वयंपाकाला बंदी असलेलीही मोटेलं आहेत, विचारून घ्या, आणि फोडणी मात्र कुठेच नको, अलार्म तिथेही तसाच. मेतकूट, लोणचं (चेक-इन बॅगेत, नीट पॅक करून), तूप एवढ्यावर भात छान जातो. दोन रात्री जिथे मुक्काम आहे, पेज आणि झायनला, तिथे किचन असलेली सुइट मिळते का ते बघा, त्या दिवशी काय रांधायचं ते रांधा, तेही सगळ्यांनी मिळून.

म्हणजे माझं मत मोटेलकडे आहे, हे तुम्हाला कळलंच असेल. दोन रात्री ग्रँड कॅन्यन, दोन पेज, एक ब्राइस, दोन झायन, एक व्हेगास अशी विभागणी केलीत तर रोज बॅग उघडायचा त्रासही निम्मा होतो. झायनला स्प्रिंगडेलमध्ये राहिलात तर पार्कच्या दाराशीच, महाग वाटलं तर तिथून २० मैल पुढे ला व्हर्किन, हरिकेन ही गावं आहेत. ब्राइससाठी ट्रॉपिक किंवा पँग्विच. जूनमध्ये यूटाचं, म्हणजे ब्राइस-झायन ज्या राज्यात आहेत त्याचं, घड्याळ ॲरिझोनाच्या एक तास पुढे असतं, पेजहून ब्राइसला जाताना एक तास उडतो, त्या दिवशी चेक-इनची वेळ बघून ठेवा. आणि पार्कच्या तिकिटाचं महत्त्वाचं राहिलं, १ जानेवारी २०२६ पासून परदेशी पाहुण्यांना ग्रँड कॅन्यन, ब्राइस, झायन अशा ११ पार्कांत माणशी १०० डॉलर जादा आहेत, १६ वर्षांवरच्यांना. तीन पार्क, तुम्ही दोघं, सहाशे होतात. त्यापेक्षा परदेशी पाहुण्यांचा २५० डॉलरचा वार्षिक पास परवडतो. तो तुमच्या नावाने काढायचा, मुलाचा रहिवाशांचा ८० डॉलरचा पास असला तरी तो तुम्हाला पुरेल असं धरून चालू नका, साइटवर नीट वाचून घ्यायला सांगा. हे पैसे दोन्ही बाजूंना सारखेच, म्हणून वरच्या हिशोबात घेतले नाहीत.

राहिला ह्यांचा हट्ट. सरळ नको म्हणू नका, म्हणजे तो 'हौस नाही'वाला डायलॉगच येणार नाही. आठातली एक-दोन रात्री त्यांच्या मनासारख्या करा, पण आरव्ही न चालवता. केओए नावाची कॅम्पग्राउंडची साखळी आहे, १९६२ पासूनची, ग्रँड कॅन्यनच्या अलीकडे विल्यम्सलाही तिचं एक ठिकाण आहे, अशा ठिकाणी लाकडी केबिन मिळतात, काहींत स्वतःचं बाथरूम असतं, ती बाथरूमवालीच घ्या. बाहेर शेकोटी, शेजारी खऱ्याखुऱ्या आरव्ह्या उभ्या, नातवाला आत डोकावून बघता येईल आणि ह्यांना शेजारच्या कुणा आजोबांशी टायरच्या हवेवर गप्पा मारता येतील. काही ठिकाणी मालक आरव्ही कॅम्पग्राउंडवर आणून, जोडणी करून, उभी करून देतात आणि नंतर घेऊनही जातात, तेही आहे, फक्त आधी विचारा की टाकी कोण रिकामी करणार. आणि आपल्याकडेच सुरुवात करायची असेल तर महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय, भाड्याने कॅरव्हॅन देणारे आता आहेत, ड्रायव्हरसकट मिळते. अमेरिकेला जायच्या आधी ह्यांच्यासोबत दोन रात्री कोकणात काढून या, दोघंच. रात्री तीनदा उठायला लागलं की त्यांचं त्यांनाच कळेल, आणि नाही कळलं, मजा आली, तर मग मला परत पत्र लिहा, मी मत बदलायला तयार आहे.

तोवर ह्यांना एक काम द्या, रिटायर्ड माणसाला काम दिलं की निम्मे वाद मिटतात. झायनचं वॉचमन कॅम्पग्राउंड आणि ग्रँड कॅन्यनचं मेदर कॅम्पग्राउंड, या दोन्हींच्या जागा साधारण सहा महिने आधी सरकारी साइटवर उघडतात, अमेरिकेतल्या ईस्टर्न वेळेच्या सकाळी दहाला. तुम्हाला तंबू ठोकायचा नाहीये, पण जूनच्या जागा डिसेंबरात आपल्या रात्री साडेआठला कशा भराभर जातात ते त्यांना लॅपटॉपसमोर बसून स्वतःच्या डोळ्यांनी बघू दे. तोपर्यंत यवापाईची तळमजल्याची खोली तुम्ही मुलाकडून बुक करून घेतलेली असू दे, फुकट कॅन्सल होते ना ते बघून. आणि सुनेला फोन आजच करा, आत्ता तिकडे सकाळ असेल.